चिठ्ठी दिली, पण माणूस पोहोचला का?

पत्र :

ताई, मी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आशा स्वयंसेविका आहे. तीन वर्षं झाली. माझ्या भागातल्या एका घरानं माझी झोप उडवली आहे. काकाजी कळमना मार्केटमध्ये हमाली करतात, पंचावन्नच्या आसपासचे. जानेवारीत त्यांना टीबी निघाला. दोन महिने गोळ्या घेतल्या, अंगात जीव आला आणि सोडून दिल्या. आता दीड महिन्याच्या वर झालं, खोकला परत सुरू आहे. त्यांची आई पंच्याहत्तरीच्या पुढची, लकव्यानं अंथरुणावर. मुलगा रोजंदारीवर जातो. सुनेचं पहिलं बाळंतपण डागा हॉस्पिटलला झालं, बाळ अठरा दिवसांचं आहे. खोली एकच, वर टिन.

मी पाच वेळा गेले. मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, निराधार योजनेच्या ऑफिसचा पत्ता लिहून दिला, आरोग्य केंद्राची वेळ सांगितली. कुठेच गेले नाहीत. मागच्या वेळी काकाजी दारातच म्हणाले, "काहून येऊन राहिली बाई सारखी सारखी? माह्या डोक्स्याले ताप नको देऊ," आणि दार लोटलं. दोनदा मी स्वतःच्या पैशातून ऑटोभाडं दिलं, तेही वाया गेलं. वरून विचारतात, फॉलोअप कुठे आहे? घरी नवरा म्हणतो, पहिले आपलं घर पाहा. कधी वाटतं, मी नुसती पोस्टमन आहे. माझं काय चुकलं? आणि या घराचा नाद सोडला तर मला पाप लागेल का?

— एक आशाताई, नागपूर

उत्तर :

तुला 'तू' म्हणते, राग मानू नको. सत्तावीस वर्षं मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं आणि तुझ्यासारख्या कितीतरी जणी माझ्या टेबलासमोर बसून हेच बोलल्या आहेत. तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न आज बाजूला ठेव. नाद सोडायची वेळ अजून आलेलीच नाही. त्या घराचं एक दार बंद झालंय, पण दुसरं उघडं आहे आणि ते तुझ्या पत्रातच दिसतंय. त्याच्याकडे येतेच.

आधी तुझ्या पोस्टमनबद्दल. रजिस्टर पत्र यायचं तेव्हा पोस्टमन काय करायचा, आठवतं? पत्र चौकात ठेवून जायचा नाही. घर शोधायचा, माणूस शोधायचा, त्याच्या हातात द्यायचा आणि सही घ्यायचा. त्या सहीला आपण पोच म्हणतो. तू तीन चिठ्ठ्या दिल्यास. पोच एकीचीही आली नाही. तुझं चुकलं असेल तर एवढंच, आणि ते तुझ्या एकटीचं नाही. आपल्या सगळ्या व्यवस्थेला चिठ्ठी लिहिली की काम झालं असं वाटतं. रेफर केलं, रजिस्टरला लिहिलं, रकाना भरला.

मीही तेच करायचे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत उमरेडकडच्या एका खेड्यातून एक बाई मुलाला घेऊन आली होती. मुलाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, सांधे दुखून दुखून रडत होता. मी तिला चिठ्ठी लिहून दिली, अमुक नंबरच्या खोलीत जा, तिथून रक्ताची तपासणी, मग परत माझ्याकडे. ती परत आली नाही. मला वाटलं, काम झालं असेल. तीन महिन्यांनी मुलगा फार वाईट अवस्थेत भरती झाला तेव्हा कळलं. तिला वाचता येत नव्हतं. दोन दिवस ती चुकीच्या व्हरांड्यात बसून राहिली, कोणी विचारलं नाही, जवळचे पैसे संपले आणि ती गावी निघून गेली. माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "तुमी चिठ्ठी देल्ली बाई, पण चिठ्ठी बोलत नाही ना." मुलगा त्या खेपेला वाचला. मी मात्र त्या दिवसापासून नवख्या माणसाला एकटं पाठवलं नाही. खुर्ची सोडता येत नसेल तेव्हा शिपाईमामांना सोबत दिलं, पलीकडच्या टेबलावर फोन करून सांगितलं की अमक्या रंगाच्या लुगड्यातली बाई येते आहे, आणि संध्याकाळी विचारलं, आली होती का?

आता तुझ्या काकाजींकडे त्या नजरेनं बघ. उत्तर नागपुरातून मेडिकल म्हणजे शहराचं दुसरं टोक. ओपीडी सकाळची आणि मार्केटमधली हमालीही सकाळचीच. केस पेपरच्या रांगेत उभं राहायचं तर त्या दिवसाची रोजी गेली. एकाच्या नाही, सोबत मुलगा गेला तर दोघांच्या. तू ऑटोचे पैसे दिलेस, पण भाडं ही त्यांची अडचण नव्हतीच. बुडणारी रोजी ही अडचण होती. तुझे पैसे वाया गेले म्हणून त्यांना दोष देऊ नको. त्यांनी ते बहुतेक पिठात घातले असतील.

आणि मुळात त्यांना मेडिकलला पाठवायची आज गरजच नाही. टीबीची पहिली पायरी तुझ्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काकाजींनीच जायला पाहिजे असं नाही, त्यांची थुंकी गेली तरी पहिलं काम भागतं. केंद्रातून डबी घेऊन जा. पहाटे उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून आतून काढलेला बेडका डबीत घ्यायला सांग, वरची लाळ नको. झाकण घट्ट, वर नाव, आणि ती डबी त्याच सकाळी केंद्रावर पोहोचव. काकाजी तोवर मार्केटला जाऊन परत येतील.

एक सक्त सूचना. घरात उरलेली जुनी पाकिटं असतील आणि उद्या ते मानले, तरी तीच पुन्हा चालू करून देऊ नको. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. काकाजी अगदी मधल्या वळणावर थांबले. एवढा खंड पडला की जंतू औषधाला दाद देतो का, हे नव्यानं पाहावं लागतं. त्यासाठी थुंकीची नॅट तपासणी होते. कोणतं औषध, किती दिवस, कुठून सुरुवात हे डॉक्टरच ठरवतील. अर्धवट सोडलेला टीबी पुढे औषधांना जुमानेनासा होऊ शकतो. मग उपचार जास्त लांबतात, जास्त त्रासाचे होतात, आणि घरात दुसऱ्याला लागला तर तोही तसाच हट्टी लागतो.

आता ते बंद दार. त्यांनी गोळ्या काहून सोडल्या, हे तू त्यांना विचारलंस का? पत्रात तू काय काय सांगितलंस ते सगळं आहे, पण काय विचारलंस ते कुठेच नाही. मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. माझ्या अनुभवात लोक गोळ्या सोडतात त्याची कारणं आपल्याला वाटतात त्याहून फार साधी असतात. गोळी सुरू झाली की लघवी लाल-केशरी होते. तो औषधाचाच रंग असतो, पण आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो, रक्त जातंय म्हणून. मळमळ होते आणि उपाशी पोटी पोतं उचलवत नाही. भूक वाढते आणि घरात तेवढं अन्न नसतं. संध्याकाळी घोटभर घेत असतील तर गोळी आणि दारू एकत्र नको म्हणून ते एक निवडतात, आणि काय निवडतात ते तुला माहीत आहे. सगळ्यात मोठं कारण लाज. बाकीच्या हमालांना कळलं तर पाण्याचा गडू वेगळा होतो.

म्हणून आठवून बघ, तू त्यांच्याशी कुठे बोललीस? दारात? गल्लीत? "काकाजी, गोळ्या घेतल्या का?" हे वाक्य शेजारच्या नळावर ऐकू जातं. तू वस्तीतलीच आहेस, सगळे तुला ओळखतात. तुझी पिशवी दारात दिसली तरी लोक अंदाज बांधतात. काकाजींनी दार लोटलं ते तुझ्यावर नसेल, त्या ऐकणाऱ्या कानांवर असेल. पुढच्या वेळी त्या विषयाचा शब्दही बाहेर काढू नको. आत जाऊन, खाली बसून, आवाज बारीक ठेवून फक्त एवढं म्हण, "काकाजी, गोळीनं काय काय त्रास झाला ते सांगा, मी लिहून घेते." आणि मग गप्प बस. ते बोलेपर्यंत गप्प बस. हे फार अवघड आहे. आपल्याला समजावून सांगायचं शिकवलेलं असतं, ऐकून घ्यायचं कोणी शिकवत नाही.

पण आत जायचं कसं? त्याच दाराबद्दल मी सुरुवातीला म्हटलं. घरात अठरा दिवसांचं बाळ आहे, आणि त्या बाळासाठी तुला तसंही जायचंच आहे. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. या गृहभेटी तुला तोंडपाठ असतील. पण त्या कुठून आल्या ते कदाचित माहीत नसेल. आपल्या विदर्भातून, गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजायचा, वजन करायचं, बाळ गार पडतंय का पाहायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा. १९९९ मध्ये त्या कामाचा अहवाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, बालमृत्यू किती कमी झाले ते जगानं पाहिलं, आणि पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. तुझ्या पिशवीतल्या वजनकाट्याला असा इतिहास आहे. तो काटा घेऊन गेलीस तर तुला कोण दार लोटेल? आजोबा तर नाहीच लोटणार.

हे छापून येईल तोवर अठ्ठाविसावा दिवस जवळ आलेला असेल. त्या दिवशी जा. घाईनं नको, एक तास हातात ठेवून जा. बाळाचं वजन कर, सुनेला दूध येतंय का, टाके, ताप, जेवण सगळं विचार. बाळ आजोबांच्या हातात दे आणि वजन किती वाढलं ते त्यांना सांग. त्यानंतर सुनेपाशी, हळू आवाजात, टीबीचा विषय काढ. घाबरवू नको. आईचं दूध थांबवायचं नाही हे पहिले सांग, कारण असल्या घरात कोणीतरी शहाणपणा करून तेच आधी थांबवतं. मग सांग की घरात टीबीचा माणूस असला की सगळ्यांची तपासणी होते, लहान मुलांची सगळ्यात आधी, आणि टीबी होऊ नये म्हणून द्यायचं औषधही असतं. ते कोणाला द्यायचं हे डॉक्टर तपासून ठरवतात. बाळाचं वजन वाढत नसेल, दूध ओढत नसेल, अंग गरम किंवा गार लागत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

सध्याच्या उन्हात त्या टिनाखाली काय होत असेल, मी कल्पना करू शकते. दार-खिडकी बंद आणि आत कूलर, अर्ध्या नागपुरात हेच चित्र असतं. कूलर खोलीच्या आत ठेवून सगळं बंद केलं की तीच ओली हवा फिरत राहते, आणि त्यात काकाजींचा खोकलाही. कूलर असेल तर तो खिडकीत लाव, बाहेरची हवा आत येईल, आणि समोरचं दार उघडं ठेव म्हणजे आतली बाहेर जाईल. काकाजींची बाज दारापाशी, हवा बाहेर जाते तिकडे. बाळ-बाळंतीण दुसऱ्या बाजूला, पण थेट झोतात नको. अंगण असेल तर काकाजींनी रात्री बाहेरच झोपावं, उन्हाळ्यात आपल्याकडे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आणि खोकताना तोंडावर दुपट्टा. ही सगळी फुकटातली कामं आहेत, आजच्या आज होणारी. असं एक काम तू स्वतः हात लावून करून दिलंस, मुलाला सोबत घेऊन कूलर सरकवून दिलास, तर मागच्या पाच फेऱ्यांत जे झालं नाही ते होईल. या बाईच्या येण्यानं घरात काही बदललं, असं त्यांना वाटेल.

अंथरुणावरच्या आजींना तुझ्या पत्रात एकच ओळ मिळाली आहे. मला मात्र वाटतं, त्या घराचं सगळ्यात मोठं ओझं तेच आहे. काकाजींना विचार, "तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी आहे?" मी पैज लावत नाही, पण 'माझा खोकला' हे उत्तर येणार नाही. 'माय' येईल. बाळंतीण सून आणि अंथरुणावरची सासरेबुवांची आई, दोघींचं करायला घरात कोण आहे? आजींची पाठ बघ. कंबरेला, टाचेला लाल चट्टे आले असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायला शिकव, चादरीला चुणी राहू देऊ नको, जखम दिसली तर केंद्रातल्या सिस्टरना बोलाव. आधी त्यांच्या काळजीचं काम, मग तुझ्या रजिस्टरचं. असं केल्यानं रजिस्टरचं काम मागे पडत नाही, उलट लवकर होतं. हे मी तुला छातीठोकपणे सांगते.

आजींसाठी श्रावणबाळ योजना आहे. ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला महिन्याला १५०० रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं किंवा वर्षाचं उत्पन्न २१००० रुपयांच्या आत लागतं. तू ऑफिसचा पत्ता दिलास, पण पत्त्यानं अर्ज होत नाही. पहिली कडी उत्पन्नाच्या दाखल्याची, आणि लोक तिथेच अडकतात. मुलाला एका दिवशी सगळे कागद घेऊन सेतू केंद्रात पाठव : रेशनकार्ड, आजींचं आधार, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी बसून ते कागद तू स्वतः एका पिशवीत लाव. नावाच्या स्पेलिंगचा, जन्मतारखेचा घोळ असेल तर तो तेव्हाच दिसेल. खिडकीवर उभं राहून दिसला तर एक रोजी गेलीच समज. मुलाच्या कामाला सुटी असते तो दिवस विचारून घे, पण तो सरकारी सुटीचा नसावा.

आजी ७० च्या वरच्या आहेत, म्हणजे वय वंदना कार्डही निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्न न पाहता मिळतं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. बाकी घरासाठी रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. कधी भरती करायची वेळ आली तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर पहिल्याच दिवशी जायला सांग, घरी सोडायच्या दिवशी बिल हातात आल्यावर नाही. आमच्याकडे, म्हणजे समाजसेवा विभागात, लोक नेहमी शेवटी यायचे. सगळं विकून झाल्यावर. पहिल्याच दिवशी आले असते तर किती मंगळसूत्रं वाचली असती, मला आठवून आजही जीव कळवळतो. तुझ्या वस्तीतल्या प्रत्येक घराला एवढं एक तरी सांगून ठेव, की सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं माणूस असतं आणि ते तुमच्यासाठीच बसलेलं असतं.

काकाजींच्या पोषणाचे पैसे आले का, हेही विचार. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. आले नसतील तर माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा खात्याचा घोळ असतो : खातं आधारशी जोडलेलं नाही, नाहीतर वर्षानुवर्षं बंद पडलेलं. पोस्टमनची तुलना तूच केलीस म्हणून सांगते, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन उघडून देतो. त्याला गाठ. हमालाला रोजी न बुडवता बँक भेटेल. सुनेचंही बघून ठेव, पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत असतात. दुसऱ्या हप्त्याला बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्याचं लसीकरण लागतं. अंगणवाडीत नाव घातलं का, तेही विचार. सेविकाताई तुझ्या ओळखीच्याच असतील.

बघ, एका खोलीत पाच माणसं आणि प्रत्येकाचा धागा वेगळ्या दारात जातो. टीबीचा एका टेबलावर, निराधारचा दुसऱ्या, बाळाचा तिसऱ्या. त्या टेबलांवरच्या कोणालाच हे माहीत नाही की ही सगळी माणसं एकाच टिनाखाली झोपतात. ते फक्त तुला माहीत आहे. आशा हवीच कशाला, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. पण म्हणून पाचही धागे एकाच दिवशी ओढू नको. अठ्ठाविसाव्या दिवशी बाळ, कूलर आणि आजींची पाठ. जमलं तर थुंकीची डबी ठेवून ये. दाखल्याचं पुढच्या आठवड्यात. मातृवंदना त्याच्याही नंतर.

आणि प्रत्येक धाग्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस ठरव. ऑफिस नको, माणूस. आरोग्य केंद्रात टीबी हेल्थ व्हिजिटर कोण आहे, त्यांना आधी जाऊन भेट, काकाजींची परिस्थिती सांग आणि विचार, "मी डबी आणली तर तुम्ही कोणत्या दिवशी असता?" तुझ्या डायरीत रेफरलच्या पुढे आणखी एक रकाना आख आणि त्याला नाव दे 'पोच'. पलीकडच्या माणसानं "हो, आले होते, हे झालं" असं सांगितलं तरच त्यात खूण कर. महिन्याच्या बैठकीत वरून फॉलोअप विचारतील तेव्हा तो रकाना समोर ठेव. किती चिठ्ठ्या गेल्या आणि किती पोचा आल्या, यातला फरक वरच्यांनाही दिसू दे. तो फरक तुझ्या आळसाचा नाही, वेळा आणि अंतरं आणि रांगा यांचा आहे, आणि तो लिहिलेला असला तरच कोणीतरी बदलेल.

गोळी रोज खायला घालायला तूच पाहिजेस असंही नाही. सुनेला, मुलाला, काकाजी ज्यांचं ऐकतात अशा मार्केटमधल्या एखाद्या जुन्या सोबत्यालाही ते जमतं. काकाजींना विचारूनच ठरव, त्यांच्या परस्पर कोणाला काही सांगू नको. खोकल्यातून रक्त पडलं, धाप लागली तर १०८. डोळे पिवळे झाले, नजर अंधूक झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

आता तुझं स्वतःचं. ऑटोचे पैसे पुन्हा खिशातून द्यायचे नाहीत. मन मोठं असणं वेगळं, पण तुझ्या दोनशे-पाचशे घरांत असे किती काकाजी आहेत? एकाला दिले की दुसऱ्याला नाही म्हणताना जीभ अडखळते. तुझ्या भागात महिला आरोग्य समिती आहे ना? तिला वर्षाला ५००० रुपयांचा मुक्त निधी असतो. बैठकीत विषय मांड, नाव न घेता, की अशा घराला नेण्या-आणण्यासाठी मदत हवी. समितीतल्या बायका पैशापेक्षाही जास्त देतील. कोणी दोन तास आजींपाशी बसेल, कोणी सुनेला डिंकाचा लाडू देईल. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं, त्यातल्या बऱ्याच जणी शाळेतही गेलेल्या नव्हत्या. त्या टिकल्या, कारण एकट्या नव्हत्या. एकत्र बसायच्या, कोणाच्या गावात काय अडलं ते मांडायच्या, एकमेकींना वाट सुचवायच्या. तू हे घर तीन महिने एकटीच छातीवर घेऊन फिरते आहेस. तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना एकदा सोबत घेऊन जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे केस मांड. मदत मागितली तर आपण कमी ठरू, असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. तुला पगार नाही, मोबदला आहे, तोही कामाप्रमाणे आणि उशिरानं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. आपल्या राज्यातल्या आशांना मात्र संप करावा लागला, थंडीत मैदानावर बसावं लागलं, तेव्हा मार्च २०२४ मध्ये ५००० रुपयांची वाढ मंजूर झाली. एवढं जोखमीचं काम करणारी बाई कागदोपत्री 'स्वयंसेविका' राहते, हे मला अन्याय्य वाटतं आणि मी ते संधी मिळेल तिथे बोलते. तेव्हा रात्री नऊनंतर फोन उचलला नाहीस तर तुला कोणी बोल लावू शकत नाही. लोकांना सांगून ठेव, रात्री बिघडलं तर पहिले १०८, मग मला. या नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, दुपारी बारा ते चार फिरू नको. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर जा. काकाजीही तेव्हाच घरी सापडतील.

हे सगळं करूनही ते नाहीच म्हणाले तर? होऊ शकतं. मोठ्या माणसाला ओढून नेता येत नाही. तेव्हा टीबी हेल्थ व्हिजिटर आणि डॉक्टरांना लेखी कळव, त्यांना घरी यायला सांग, आणि तू बाळासाठी, आजींसाठी जात राहा. बेचाळिसाव्या दिवसानंतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा भेट आहेच, मग सहाव्या, नवव्या. प्रत्येक वेळी काकाजी तिथेच दाराशी बसलेले असतील. एखाद्या वेळी तेच विचारतील, "बाई, ते डबीचं काय म्हणत होती?"

बेचाळिसाव्या दिवसानंतर मला दोन ओळी लिही. थुंकीचा रिपोर्ट काय आला, आणि आजींचा दाखला निघाला का, एवढंच.